काळी वाळू आणि दोन गल्ल्यांपलीकडचं विमान

महिन्याची सात तारीख, बुधवार, सकाळचे पावणेआठ. रक्कम आठशे सेहेचाळीस रुपये. हजर: अण्णा, आई आणि मी. टेलिफोनचं बिल दर दोन महिन्यांनी यायचं आणि आमच्या घरी ते तीनशे नव्वदच्या आसपास असायचं. या वेळी चारशे छप्पन्न रुपये जास्त होते. अण्णा एका कंपनीत क्वालिटीला होते. आयुष्यभर मोजमापाचा व्हर्नियर हातात धरलेला माणूस. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारली, बिलाची दोन्ही पानं पसरली आणि म्हणाले, "नंदू, फरक सांग."

फरक मला सांगता येत होता, कारण माझ्याकडे रजिस्टर होतं. सात रविवार, प्रत्येक रविवारचे लोकल कॉल, सुरू केल्याची वेळ, ठेवल्याची वेळ. त्यांचे दोनशे पंच्याऐंशी. "हे खेळाचे," मी म्हणालो, "आणि ते आम्ही तिघं भरणार आहोत. ठरलंय आमचं." उरले एकशे एकाहत्तर. ते दुसऱ्या पानावर एकाच ओळीत होते: एक एसटीडी कॉल, रविवारचा, संध्याकाळी सव्वासहाचा, अडतीस मिनिटांचा, बीडकडच्या एका नंबरावर. बीडकडे आमचं कोणी नव्हतं. एसटीडीला कुलूप होतं, पण त्याचा चार आकडी कोड अण्णांनीच दिनदर्शिकेच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवला होता. म्हणजे कुलूप होतं ते फक्त दिनदर्शिका न उलटणाऱ्यांसाठी. आई माझ्याकडे बघत राहिली. "कोण आहे रे तिथं?" सतरा वर्षांच्या मुलाला आईने त्या सुरात हे विचारलं की त्याचा एकच अर्थ होतो. मी म्हणालो, "हा कॉल माझ्या रजिस्टरात नाही." अण्णा म्हणाले, "मग नाही, असं लिहून ठेव." मी तसं लिहिलं. ते पान आत्ताही समोर उघडं आहे. शाई तपकिरी झाली आहे, आकडे स्वच्छ आहेत.

खेळ काय होता ते आता सांगायला हवं. माझी मुलगी हल्ली कानाला हेडफोन लावून चार गावांतल्या चार मैत्रिणींबरोबर खेळते. एकीचा रणगाडा असतो, एकीचं विमान, आणि सगळं एकाच पडद्यावर तयार मिळतं. तिला मी सांगितलं की आम्ही हेच कासारवाडीत एक फळ्यांचा खोका, तीन घमेली वाळू आणि एक टेलिफोन यांच्यावर चालवत होतो, तर ती म्हणाली, "बाबा, कशाला पण?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर एका वाक्यात येत नाही.

सुरुवात किसनमामांपासून झाली. आईचे थोरले भाऊ. मूळ घर महाळुंग्याचं. सतरा वर्षं फौजेत काढून हवालदार म्हणून परतले, तोपर्यंत गावाच्या शिवारात कारखाने उभे राहिले होते. मामा त्यांतल्याच एकाच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर झाले. पूर्वी जिथे त्यांच्या वडिलांचे बैल पाणी प्यायचे, त्या जागेपासून गेट चाळीस पावलांवर आहे असं ते सांगायचे. पावलं मात्र त्यांनी खरोखर मोजली होती की नाही, याची मला शंका आहे. मामांचे आकडे अंदाजाचे असत आणि अण्णांचे मोजलेले. आमच्या घरात हा वाद कायमचा होता. रविवारी मामांची सुट्टी. सकाळी नऊला कंपनीची बस त्यांना नाशिक फाट्याला सोडायची आणि तिथून ते चालत यायचे. खांद्यावर पिशवी, पिशवीत चाकणच्या बाजारातले कांदे. आई मटण शिजत टाकायची, मामा दारातच बसून एक कांदा बुक्कीने फोडायचे आणि त्याचा पहिला पापुद्रा मला द्यायचे. पाठीमागून लोणावळ्याची लोकल जायची. ती गेली की भांडी थरथरायची थांबायची आणि मग बोलणं पुढे सुरू व्हायचं.

फौजेत चढाईच्या आधी वाळूत डोंगर-नाले करून जवानांना समजावून सांगतात. मामांना त्या कामात मान होता. एकदा पावसाळ्यातल्या रविवारी मला आणि माझ्या वर्गातल्या सतीशला त्यांनी अंगणातल्या मातीत एक टेकडी करून दाखवली आणि म्हणाले, "तू हितं, त्यो तितं. आता घे बरं टेकडी." आम्ही दोघं तासभर खडे सरकवत भांडलो. पुढच्या रविवारी अण्णांनी भोसरीतल्या ओळखीच्या फाउंड्रीतून साच्याची काळी वाळू आणून दिली. ही वाळू नदीच्या वाळूसारखी घसरत नाही. थोडी ओलसर असली की धार धरते. उभा कडा करा, उभा राहतो. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पॅकिंगच्या फळ्यांचा चार बाय चार फुटांचा खोका केला. रिजेक्ट झालेले नट म्हणजे सैनिक, बुश, म्हणजे धातूच्या आखूड नळ्या, त्या गाड्या. क्वालिटी खात्याच्या हिरव्या चिठ्ठ्या मामांच्या बाजूच्या, लाल सतीशच्या, आणि पिवळी चिठ्ठी म्हणजे 'याबद्दल खात्री नाही'. पंच मी. जेवायला बसलो की आमचे हात कोपरापर्यंत काळे असायचे आणि आई म्हणायची, "शाळेत जाता की भट्टीवर?"

मिलिंद दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याच्या वडिलांनी कंपनीच्या पतपेढीतून कर्ज काढून कॉम्प्युटर घेतला होता, मिलिंदच्या डिप्लोमासाठी. डिप्लोमा चालू होताच, पण त्याबरोबर चुलतभावाच्या सीडीवरचं विमानही चालू होतं. जुन्या लढाऊ विमानांचा सिम्युलेटर होता तो. पिंपरीच्या बाजारातून त्याने जुनी जॉयस्टिक आणली होती; तिला डावीकडे ओढ होती, म्हणून तो उजवीकडे किंचित दाब ठेवून उडवायचा, आणि पुढे चांगली जॉयस्टिक मिळाली तरी त्याची ती सवय गेली नाही. एका रविवारी तो आमची वाळू बघायला आला. बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "राव, तुमच्याकडं जमीन आहे आणि आकाश नाही. माझ्याकडं आकाश आहे, पण खाली कोणीच नाही."

हे वाक्य मी त्याच दिवशी लिहून ठेवलं. त्यानंतरचे दोन महिने आमचे या दोन गोष्टी जोडण्यात गेले.

त्या सिम्युलेटरमध्ये आपली मोहीम आपण बनवायची सोय होती. नकाशावर तंबू, ट्रक ठेवता यायचे आणि कुठल्याही ठिकाणाची उंची वाचता यायची. मिलिंदने डोंगराळ भागातला सहा किलोमीटर बाय सहा किलोमीटरचा तुकडा निवडला. मी त्याचे एकशे चव्वेचाळीस चौकोन पाडले, तो एकेक उंची वाचत गेला, मी लिहीत गेलो. मग सायकलचे जुने आरे त्या त्या उंचीला कापून वाळूत उभे रोवले आणि मामांनी आऱ्यांच्या टोकापर्यंत वाळू चढवली. एक सेंटिमीटर म्हणजे पन्नास मीटर. अण्णा स्टीलची पट्टी घेऊन आले, सहा ठिकाणी मोजलं आणि काही न बोलता परत गेले. त्यांच्याकडून यापेक्षा मोठं प्रमाणपत्र मिळत नसे.

आता वाळू आमच्या शेडमध्ये आणि तिचीच जमीन मिलिंदच्या पडद्यावर. मध्ये टेलिफोन. कॉम्प्युटर त्यांचा, वीज त्यांची, म्हणून फोन आमच्याकडून लावायचा. ते न्यायाला धरून होतं. फोनची वायर खिडकीतून शेडपर्यंत ओढली. शनिवारी मी सगळ्या नटांच्या जागा चौकोनाच्या आकड्यांत लिहून मिलिंदला द्यायचो, तो तिथे तंबू आणि ट्रक ठेवायचा. रविवारी मामा आणि सतीश समोरासमोर बसायचे. मामांची चौकी डोंगरावर, सतीशचं काम त्यांची वाट तोडणं, आणि विमानाचं काम मामांना रसद पोहोचवणं. रसदीचा नियम मामांचाच: पोटात नाही त्या तुकडीला निम्मीच चाल. त्या सिम्युलेटरमध्ये पोती टाकायची सोय नव्हती, बॉम्ब होते. आम्ही बॉम्बलाच पोतं म्हणायचो. मिलिंदच्या आईला पलीकडच्या खोलीत ऐकू जायचं, "पोतं टाकलं! पोतं टाकलं!" तिला बरेच दिवस वाटत होतं की आम्ही किराणा दुकानाचा काही खेळ खेळतो आहोत.

पहिल्या रविवारी मिलिंदने सगळी पोती सतीशला दिली. मामा म्हणाले होते "डाव्या अंगाला", आणि मामांचं डावं म्हणजे शेडच्या भिंतीकडे तोंड करून बसलेल्या माणसाचं डावं. मग खोक्याच्या कडेला खडूने उत्तर दिशेचा बाण काढला आणि फोनवर डावं-उजवं बोलायला बंदी घातली. दुसऱ्या रविवारी वेळेचा घोळ झाला. वाळूवरची एक चाल म्हणजे दहा मिनिटं असं आम्ही धरलं होतं. सतीश एका चालीला कधी दोन मिनिटं घ्यायचा, कधी पंचवीस. विमान मात्र घड्याळाने उडतं. सतीश हनुवटी खाजवत बसला आणि तेवढ्यात विमानाचं इंधन संपून ते पडलं. "भावा, तू विचार कर, मी पडतो," मिलिंद फोनवर ओरडला. दोघांनी एकमेकांची वाट बघायची ठरवली तर दोघांचाही खेळ मरायचा.

यावर तोडगा अण्णांनी काढला, तोही जेवताना, भाकरी मोडता मोडता. "दोन मशीनचा वेग सारखा नसतो," ते म्हणाले. "म्हणून कोणी एक मशीन बंद ठेवतं का? मध्ये ट्रे ठेवतात. याचा माल ट्रेमध्ये पडतो, तो त्याच्या वेगाने उचलतो." आम्ही खरोखरच एक ट्रे आणला. मिलिंदने जे पाहिलं, जिथे पोतं पडलं, ते मी फोनवर ऐकून चिठ्ठीवर लिहायचं आणि ट्रेमध्ये टाकायचं; चाल संपली की ट्रे उपडा करायचा आणि तेव्हाच त्या गोष्टी वाळूवर घडायच्या. वाळूकडून विमानाला निरोपही चालीच्या शेवटीच. एवढं केलं आणि खेळ चालू लागला. मी आज चाकणला क्वालिटीतच आहे. नव्या मुलांना दोन मशीनमधला माल कसा ठेवायचा ते शिकवताना हा खेळ आठवतो, पण सांगत नाही.

आणखी एक नियम होता, रजिस्टरातल्या क्रमाने सहावा. लोकल आली की कोणालाच काही ऐकू यायचं नाही. गाडीचा आवाज आधी खिडकीतून यायचा आणि मग मिलिंदच्या घरून फोनमधून. म्हणून गाडी आली की सगळं थांबवायचं: मिलिंदने बटण दाबून विमान जागच्या जागी गोठवायचं, आम्ही हात वाळूतून काढायचे. गाडी गेली की पुढे.

चौथ्या रविवारी मी सवयीने उंच्या तपासल्या आणि एक ओळ चुकली. वाळूत एक नाला होता जो आकड्यांत नव्हता. खोल, अरुंद, दोन्हीकडे धार, तळाला दोन खडक. नट नव्हते ठेवलेले ते. मामांनी मुद्दाम कुठूनतरी आणलेले काळे खडे होते.

"मामा, हा नाला विमानात नाही."

"हाय."

"मिलिंदने वाचलेल्या उंच्या माझ्याकडं आहेत. इथं सपाट आहे."

"तुझ्या कागदावर सपाट आसंल. तितं नाला हाय."

"मोजलेलं आहे, मामा."

"म्या दोन रात्री बसलोय त्यात," मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उतरला होता. सतीशने हातातला नट खाली ठेवला.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. वरच्या डोंगरात, बर्फात, मामा आणि नऊ जण अडकले होते. वाट बुजली होती, शिधा संपला होता. वायरलेसवर निरोप आला, विमान रसद टाकेल, खुणेचं कापड अंथरा. त्यांनी नाल्याच्या तळाला, दोन खडकांच्या मधे कापड अंथरलं. विमान आलं. दोन फेऱ्या मारल्या आणि पोती पलीकडच्या नाल्यात टाकून गेलं. त्यानंतर दोन दिवस तसेच उपाशी. भानुदास नावाचा बीडकडचा एक जवान होता, त्याच्या डाव्या पायाची तीन बोटं गारठ्याने गेली. "वरनं मुंगी दिसती," मामा म्हणाले. "त्याला दहा माणसं दिसली न्हाईत? बघायचंच नव्हतं त्याला." आईने हे आधीही ऐकलेलं असावं, कारण ती आत गेली आणि उगीच भांडी लावत बसली. मला मात्र तेव्हा कळलं की मामा रविवारी कशासाठी येतात. त्यांना सतीशला हरवायचं नव्हतं. तो वैमानिक बघू शकत होता की नव्हता, एवढंच त्यांना ठरवायचं होतं, आणि ते ठरल्याशिवाय त्यांच्या डोक्यातलं ते विमान परत जाणार नव्हतं.

मी ही गोष्ट मिलिंदला सांगितली. तो दोन आठवडे सिम्युलेटरच्या सगळ्या नकाशांवरून हिंडला. शेवटी त्याला एक जागा सापडली: डोंगराच्या धारेवरून एका बाजूला पाच नाले बोटांसारखे उतरलेले. मामांना नेऊन पडदा दाखवला. त्यांनी चष्मा पुसला. "ह्येच," म्हणाले, आणि मग, "जवळजवळ." वाळू सगळी मोडून नव्याने केली. एकशे चव्वेचाळीस उंच्या परत.

नव्या जमिनीवरच्या पहिल्याच खेळात मिलिंदला चौकी सापडली नाही. मामांनी माझ्या हातातून फोन घेतला. "मिल्या, तुला डोळं हायत का बटणं? तुझ्या जागी म्या आसतो तर पयल्या फेरीत टाकलं आसतं!"

"मग या ना मामा," पलीकडून मिलिंद म्हणाला. "खुर्ची गरमच आहे."

मामा गेले. बावन्न वर्षांचा माणूस जॉयस्टिक बंदुकीसारखी गच्च धरायचा. सरावाच्या दोन रविवारांत विमान अकरा वेळा पडलं. आकडा रजिस्टरात आहे. मिलिंदची आई चहा आणून विचारायची, "भाऊ, पडलं का परत?" आणि मामा म्हणायचे, "बसलंय थोडं, वैनी." बोंबलाची चटणी आणि भाकरी खाऊन ते पुन्हा उडायचे. डाव्या ओढीची जॉयस्टिक त्यांना शेवटपर्यंत उमगली नाही, म्हणून वेग आणि बाकीची बटणं मी सांभाळायची, त्यांनी नुसतं विमान वळवायचं आणि पोतं टाकायचं, असं ठरलं.

नंतरच्या रविवारी आम्ही जागा बदलल्या. मिलिंद आणि सतीश आमच्या शेडमध्ये, वाळूपाशी. मी आणि मामा कॉम्प्युटरपुढे. पांढरा तंबू म्हणजे खुणेचं कापड. तो कुठे ठेवायचा ते मामांनीच सांगितलं: नाल्याच्या तळाला, दोन खडकांच्या मधे. पाचांतला नाला कोणता, ते मात्र मी आणि मिलिंदने त्यांना न सांगता ठरवलं. फेऱ्या किती, तेही त्यांनीच ठरवलं. "दोन. त्याला दोन मिळाल्या हुत्या."

पहिल्या फेरीत पाच नाले खालून सरकले. एकासारखा एक. एकीकडे उजेड, दुसरीकडे सावली, आणि तळ सगळे सावलीत. "कुटला रं?" मामांनी विचारलं. मला जागेचा आकडा पाठ होता, पण पंचाने सांगायचं नसतं. आणि खरं म्हणजे आकडा पाठ असूनही वरून मला सांगता आलं नसतं. फोन माझ्या कानाला होता. तिकडून मिलिंद आणि सतीश मामांचीच वाक्यं मामांच्याच सुरात ओरडत होते, "ओ मामा, आमी हितंच हाय की! डोळं हायत का बटणं?" मी तेवढं मामांना सांगितलं. ते हसले नाहीत. विमान वळलं. आणि दुसऱ्या फेरीत, नाले समोर आले असतानाच, लोकल आली.

सहावा नियम. मी बटण दाबलं. पडदा गोठला. या वेळी आधी फोनमधून, मग खिडकीतून, गाडी जात राहिली. मामा खुर्चीतून पुढे झुकले. वाऱ्याचा धक्का नाही, वेग नाही, इंधनाचा काटा हलत नाही. खरा वैमानिक आयुष्यभर मागेल आणि त्याला मिळणार नाही असं एक अख्खं मिनिट त्यांना मिळालं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, परत खाली घेतला, बोट पडद्याजवळ नेऊन एकेक नाला वरून खाली तपासला. बोट तंबूवरूनही गेलं. थांबलं नाही. गाडी गेली. मी म्हणालो, "चालू करू?"

"कर."

त्यांनी पोतं टाकलं. मी पडद्यावरचा आकडा घेतला, फोनवर सांगितला, सतीशने वाळूवर पट्टी लावली. बावीस सेंटिमीटर. मामांनी विचारलं, "किती चुकलं?" आणि मी तोंडाने म्हणालो, "हजार." शंभर मीटर मी का कमी केले ते मला अजून माहीत नाही. आयुष्यात मुद्दाम चुकीचा सांगितलेला तो माझा पहिला आकडा.

"लिवलंय किती?"

"अकराशे. पूर्वेकडचा नाला."

"मग अकराशे म्हण."

"अकराशे," मी म्हणालो.

त्यांनी खुर्ची मागे सारली. मला वाटलं, उठतील. पण ते म्हणाले, "नंदू, त्यो तंबू वर ठिव. धारंवर. ह्या हितं." मी मिलिंदला फोनवर विचारत विचारत तंबू हलवला, नाल्याच्या तळातून वर, उघड्या धारेवर. पुन्हा उड्डाण. डोंगर अजून लांब होता, नाले मोजताही येत नव्हते, आणि धारेवर एक पांढरा ठिपका स्वच्छ दिसला. पहिलीच फेरी, अर्ध्या वाटेवर. मामांनी पोतं टाकलं नाही. त्यांनी जॉयस्टिकवरचा हात काढून मांडीवर ठेवला. विमान डावीकडे कलत कलत गेलं आणि मी ते सरळ केलं. दोन्ही नोंदी मी त्यांच्यासमोर लिहिल्या आणि त्यांनी वैमानिकाच्या रकान्यात सही केली, फौजेतल्यासारखी, नावाखाली दोन रेघा. दुपारी जेवताना त्यांनी कांदा फोडला नाही. संध्याकाळी अण्णा, आई आणि मी एका साखरपुड्याला चिंचवडला गेलो आणि मामा साडेसातच्या बसची वाट बघत घरी एकटेच राहिले.

हाच तो सव्वासहाचा रविवार. बिलाच्या दुसऱ्या पानावरचा.

बुधवारी आम्हा तिघांपैकी हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आईचं लक्ष माझ्यावर होतं आणि माझं माझी बाजू सांभाळण्यावर. रविवारी मामा आले, पिशवी ठेवली. अण्णांनी तोवर तारीख ताडून पाहिली असावी, त्यांनी नुसतं बिल पुढे केलं. मामांनी ते हातात घेतलं सुद्धा नाही. खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या. "दाजी, त्यो माझा हाय. म्याच इचारनार हुतो किती झालं."

"बीडला कोणाला, दादा?" आईने विचारलं. तिचा जीव एकदम भांड्यात पडला होता.

"भानुदासला." ते खाली बसले. "तवा कापड कुटं टाकायचं, त्यावरनं आमचं वाजलं हुतं. भानुदास म्हणला, उस्ताद, धारंवर टाकू. म्या म्हणलं, धारंवर वारं हाय, उडंल. आन वरनं समदं दिसतं, तू नगं शिकवू. म्या उस्ताद, त्यो शिपाई. टाकलं खाली." हे त्यांनी वाळूपाशी सांगितलं नव्हतं. "बोटं त्याची गेली. इतकी वर्सं म्या विमानवाल्याला शिव्या देतोय, आन भानुदास कदी एक शबुद बोलला न्हाई. म्हणून सांगितलं त्याला, तुजं बरुबर हुतं. म्या वर जाऊन बगून आलो."

लोकल आली आणि गेली. मग अण्णांनी विचारलं, "काय म्हणाले ते?"

"पयली नऊ मिनिटं तर त्याला शेतातनं बोलवायला गेली. फोन दुकानात हाय." मामांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा काहीतरी हललं. "म्या समदं सांगितलं. मग म्हणतोय, उस्ताद, वाळू कुटली वापरली? घसरत न्हाई का? खोका किती फुटाचा? उरलेला येळ त्येच इचारत बसला."

त्या बिलाचा हिशोब असा झाला. खेळाच्या लोकल कॉलचे दोनशे पंच्याऐंशी मी, मिलिंद आणि सतीशने प्रत्येकी पंच्याण्णवप्रमाणे अण्णांना दिले. मामांनी एकशे एकाहत्तर रुपये पुढे केले, ते अण्णांनी घेतले नाहीत. म्हणाले, "किसनराव, हे मला नकोत. बीडहून यायला-जायला एसटीला किती पडतात?" मी स्टँडवर जाऊन विचारून आलो: एका बाजूचे एकशे वीस. एकशे एकाहत्तरमध्ये अण्णांनी एकोणसत्तर घातले. सोमवारी मी कासारवाडीच्या पोस्टातून भानुदासच्या नावाने दोनशे चाळीस रुपयांची मनीऑर्डर केली, निरोपाच्या जागेत 'वाळू बघायला या' एवढंच लिहून. कमिशनचे बारा रुपये माझे. दहा दिवसांनी पैसे मिळाल्याची पावती परत आली, ती रजिस्टरच्या शेवटच्या पानाला टाचलेली आहे. सहीच्या शेजारी, जागा नसताना, त्याने आडवं लिहिलं आहे: रविवारी येतो, कापड वर ठेवा.